एकवीस जणींचं ओझं

गेलं वर्षभर मृणालिनीशी बोलणं म्हणजे एक शिक्षाच झाली होती. तुम्ही आपलं सहज म्हणावं, "या महागाईनं कंबरडं मोडलं गं," तर ही बाई हो ला हो करायचं सोडून तुमच्या वाक्याची चिरफाड करायला बसणार. महागाई म्हणजे मारणारा माणूस, घर म्हणजे शरीर, चला, टाका एका गटात. जोगेश्वरीला बिल्डिंगखालचा भाजीवाला म्हणाला, "ताई, टोमॅटो पेटलेत," की हिची नजर टोमॅटोवर नाही, 'पेटलेत'वर. नवरा, मिहिर, एकदा भांडणात ओरडला, "माझं डोकं फिरवू नकोस!" तर ही मधेच थांबून विचारते, "म्हणजे डोकं हे यंत्र झालं ना रे?" त्या दिवसापासून त्याने भांडणच सोडून दिलं. अशा बाईशी माणसाने भांडावं तरी कसं!

तिचा दोष एवढाच, की तिची पीएचडी त्यातलीच होती. अंधेरीच्या एका कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवायची आणि प्रबंधासाठी पद्धत घेतली होती रूपक-विश्लेषणाची. नाव भारदस्त आहे, काम तसं साधं. माणसं एका गोष्टीबद्दल बोलताना नकळत दुसऱ्याच गोष्टीची भाषा वापरतात. संसाराला कोणी गाडा म्हणतं, कोणी लढाई म्हणतं. ते बोलणं रेकॉर्ड करायचं, टाइप करून घ्यायचं, त्यातली अशी वाक्यं वेचायची, सारखी वाक्यं एकत्र ठेवायची आणि त्यावरून ओळखायचं, की ही माणसं त्या गोष्टीकडे मुळात बघतात कशी. मृणालिनीचा विषय होता, घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या बायका. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत वणवण करून तिने सव्वीस बायकांच्या मुलाखती घेतल्या. कोणाचा नवरा, कोणाची सासू, एकीचा तर तरणाताठा मुलगा.

आणि सव्वीसपैकी एकवीस जणींच्या तोंडी एकच शब्द आला होता. ओझं.

आता एकवीस म्हणजे काय गंमत आहे? बायका कधी एवढ्या एकमताने बोलतात का कुठे? तिच्या गाइड मॅडम आकडा बघून खुर्चीतून उठल्याच. "मृणालिनी, हा तुझ्या प्रबंधाचा कणा आहे!" म्हणाल्या. कणा, म्हणजे परत शरीर, असं मनात नोंदवत बाई हवेत तरंगत घरी आली.

विषय काही वरून पडला नव्हता. तो मुलुंडला, तिच्या माहेरी, आतल्या खोलीत पलंगावर होता. तिच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला त्याला आता काही वर्षं झाली. डावी बाजू गेली. जीभ थोडी अडखळायची, पण डोकं लख्ख आणि स्वभाव आधी होता त्याच्या दुप्पट तिरसट. नर्सिंग ब्युरोकडून मदतीला माणसं आणून झाली. अण्णांनी एकेकाला असं काही फैलावर घेतलं की कोणी महिनाभर टिकला नाही. मग उरली आई. सुलक्षणाबाई, घाटकोपरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, नवऱ्यापेक्षा निम्म्या वजनाच्या. उठवणं, बसवणं, आंघोळ, सगळं तीच. मृणालिनी रविवारी जायची, फळं न्यायची, तासभर बसायची, आईला म्हणायची, "आई, तू स्वतःकडे बघतच नाहीस गं," आणि परतीच्या रिक्षात रडायची. रडण्याने कोणाचं काय होतंय? पण रडायची खरी.

श्रावणातल्या एका रविवारी तिने घरच्या हॉलमध्ये आपला निष्कर्ष सांगितला. समोर आई आणि ठाण्याहून आलेला भाऊ केयूर. अण्णा आत पलंगावर. दार नेहमीसारखं अर्धं लोटलेलं.

"एकवीस बायका, आई. सगळ्या एकच म्हणतात. ओझं आहे. तूही म्हणालीसच की मला. तुलाच ते सहन करायची सवय झालीय म्हणून कळत नाहीये."

आई पदराशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "हो. आहे खरं ओझं."

झालं! केयूर वाटच बघत होता. तो वाईट नव्हता हो, फक्त उरकून टाकणारा होता. त्याने कर्जतच्या बाजूचं एक केंद्र शोधून ठेवलं होतं. नर्सेस, फिजिओ, बाग, सगळं. "आई मरेल असं करता करता, ताई," तो म्हणाला, आणि त्याला खोटं तरी कसं म्हणायचं? अण्णांना विचारायला तोच आत गेला. दोन मिनिटांत बाहेर आला. "हो म्हणाले," म्हणाला. सगळ्यांना नवल वाटलं. ज्या माणसाने ब्युरोच्या माणसांना घरात टिकू दिलं नाही, तो घर सोडायला एका शब्दात तयार झाला कसा? पण ते नवल कोणी पुढे नेलं नाही. मिळालेला होकार कोण उकरत बसतं?

दिवस ठरला, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. सकाळी गाडी येणार होती.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी धम्मपालने तिचं काम परत पाठवलं.

धम्मपाल तिच्याच कॉलेजातला, वाकोल्याला राहणारा, तिच्याहून लहान पण कामात पक्का. या पद्धतीत एकट्याच्या नजरेवर भरवसा ठेवत नाहीत. दुसऱ्या कोणीतरी तीच वाक्यं आपली आपण गटात लावायची, मग दोघांचं जुळतं का बघायचं. ते दुसरेपण धम्मपालकडे होतं. स्टाफरूममध्ये त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

"मी नाही लावणार हे."

"का रे? सोमवारी मला मॅडमना द्यायचंय!"

"तू मला नुसती उत्तरं दिलीयस, मृणाल. प्रश्न कुठे आहेत?"

"प्रश्न कशाला हवेत? प्रश्न माझेच आहेत, सगळ्यांना तेच. मीच टाइप करणाऱ्या मुलीला सांगितलं, प्रश्न गाळ म्हणून. रूपकं बायकांची हवीत ना, माझी कशाला?"

"तेच तर," धम्मपाल म्हणाला. "तुझी नाहीत हे मला कसं कळणार?"

त्या माणसाची ही शांतपणे बोलायची तऱ्हाच तिच्या डोक्यात जायची. अरे, ओरड तरी! ती "बघते" म्हणाली, पर्स उचलली आणि दोन लेक्चर्स बाकी असताना बाहेर पडली. उगाच. तिला साकीनाक्याला झेरॉक्सचं काम होतं, ते उद्याही चाललं असतं. पण एका जागी बसवेना.

रिक्षा साकीनाक्याच्या अलीकडे अडकली ती अडकलीच. पुढे डंपर, मागे बस, बाजूला रस्ता खणणारं मशीन धडधडतंय. तिने कानात इअरफोन घातले आणि धम्मपालचं तोंड बंद करावं म्हणून पहिली मुलाखत लावली. भांडुपच्या काकू होत्या त्या. ऐकायला लागल्यावर पहिल्यांदा तिला आपलाच आवाज खटकला. किती गोड, किती समजूतदार! काकू बोलत होत्या, सासूबाईंची पथ्यं, औषधं, मधेच हसणं. आणि मग तो गोड आवाज म्हणाला, "काकू, या सगळ्याचं ओझं वाटत असेल ना हो?"

काकू थोड्या थांबल्या. "हो गं बाई. ओझंच आहे."

मृणालिनीच्या पोटात गोळा आला. गोळा येणं, शरीर हे भांडं, असलं काही या वेळी तिला सुचलं नाही. तिने दुसरी लावली. बोरिवलीची. "तुम्हाला कधी ओझं झाल्यासारखं..." तिसरी. "म्हणजे हे ओझं तुम्ही एकट्याच..." चौथीत तर बाई म्हणत होती, "छे, तसं काही नाही," आणि ही पुन्हा, "तरीपण, थोडंसं तरी?" असं खोदून खोदून विचारत होती, आणि शेवटी ती बिचारी पाहुणीचं मन मोडू नये म्हणून म्हणाली, "आता तुम्ही म्हणता तर, आहे थोडं ओझं."

पाहुणीचं मन! चहा-पोहे करून घातलेल्या पाहुणीला नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे घरी आलेल्या माणसाचा शब्द खाली पडू देत नाहीत, ही साधी गोष्ट समाजशास्त्राच्या प्राध्यापिकेला सुचली नव्हती. रिक्षा हलेना, तशा तिने उरलेल्याही भराभर पुढे सरकवत ऐकल्या, सगळीकडे तेच. तिने एकवीस घरांत जाऊन आपला शब्द दिला होता आणि एकवीस जणींनी तो चहाबरोबर अदबीने परत केला होता. ज्या पाच जणींनी तो शब्द वापरला नव्हता, त्या पाचांना तिने विचारलाच नव्हता.

"मॅडम, उतरताय का? इथून चालत लवकर पोचाल," रिक्षावाला म्हणत होता. ती उतरली आणि चालायला लागली, झेरॉक्सच्या उलट दिशेला.

घरी पोचल्यावर जेवण नाही, काही नाही. तिने सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग शोधून काढलं. प्रश्न नीट जमतात का बघायला आधी एखादी चाचणी मुलाखत घेतात, ती तिने आईची घेतली होती. मोजणीत ती धरायची नसते म्हणून नंतर कधी ऐकलीच नव्हती. आता ऐकली. आई काय रंगात आली होती त्यात! "अगं, मी तर रिटायरच नाही झाले. आधी चाळीस पोरं होती, आता एकच, पण मागच्या बाकावरचा. अभ्यास करायचा नाही, डबा खायचा नाही, आणि बाईंनाच उलट उत्तरं! परवा व्यायाम चुकवला म्हणून मी सांगितलं, आज टीव्ही बंद. गप्प बसले हो तासभर!" आणि आई हसत होती. खरोखर हसत होती, तोंडावर हात ठेवून हसते तशी.

मग मृणालिनीचा आवाज. "पण आई, खरं सांग. ओझं वाटतं ना?"

हसू तिथेच थांबलं. पंख्याचा आवाज येत राहिला. मग आई म्हणाली, "वाटत असेल."

मृणालिनी उठली, हॉलभर फिरली, पाणी ओतलं, प्यायली नाही. प्रबंधाचं काय होईल ते होवो, हा विचार तिला आला आणि आला तसा गेलाही, कारण त्याच्या मागोमाग दुसरा आला होता. रविवारी गाडी येणार होती. त्या गाडीत तिचे अण्णा बसणार होते, आणि ते तिच्या एका शब्दावरून बसणार होते.

शुक्रवारी तिने धम्मपालला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग हेच लिही की. विचारणारीचा शब्द उत्तरात कसा उतरतो. याहून चांगला चॅप्टर तुला मिळाला नसता, यार." मॅडमकडून तिने महिनाभराची मुदत मागून घेतली. म्हणजे तिकडची वाट लागायची राहिली. पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. केयूरला फोन केला तर तो मीटिंगमधून बाहेर येऊन वैतागला.

"ताई, शब्द कोणाचा होता याच्याशी काय घेणं आहे? आईचे गुडघे गेलेत की नाही? ते पण तुझ्या रेकॉर्डिंगमधूनच आले का?"

याला काय उत्तर द्यायचं? पण शनिवारी दुपारी ती मुलुंडला गेली.

आई जेवणाच्या टेबलापाशी अण्णांचे कपडे घेऊन बसली होती. प्रत्येक कपड्यावर नाव हवं, असं केंद्रवाल्यांनी कळवलं होतं. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. शाळेत पोरांच्या स्वेटरवर नाव घालायला लावायची तशी ती आता नवऱ्याच्या सदऱ्याच्या कॉलरमागे लाल दोऱ्याने नाव घालत होती. मृणालिनी समोरच्या खुर्चीवर बसली, उठली, परत बसली.

"आई, तो शब्द माझा होता."

"कुठला गं?"

तिने सगळं सांगितलं. काकू, चहा, एकवीस जणी, पंख्याचा आवाज. आवाज खाली ठेवून, कारण आतलं दार अर्धंच लोटलेलं होतं. आई सुई चालवत ऐकत होती. शेवटी मृणालिनी म्हणाली, "तू ओझं म्हटलंच नव्हतंस आई. मी तुझ्या तोंडात घातलं ते. म्हणून म्हणते, उद्याचं थांबवू या."

तिला वाटलं होतं, आई सुटकेचा श्वास टाकेल. नाहीतर डोळ्यांना पदर तरी लावेल. आईने दोरा दाताने तोडला आणि तिच्याकडे असं बघितलं, की मृणालिनीला आपण तिसरीत आहोत असं वाटलं.

"थांबवू या? तू आलीस, म्हणालीस ओझं आहे. आता आलीस, म्हणतेस नाही. मी काय पाटी आहे का, तू लिहायचं आणि तूच पुसायचं?"

"आई, तसं नाही..."

"तसंच आहे. तू म्हणायच्या आधी मी उठत होते, करत होते. त्याला काय म्हणायचं ते मला माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून रोज यांना उचलताना मला वाटतं, हे ओझं आहे. कंबर आधी पण दुखत होती. पण आता रागही येतो. यांचा, तुझा, केयूरचा, सगळ्यांचाच. हे तू शिकवलंस की आधीपासून होतं आणि तू नुसतं दाखवलंस, मला कसं कळणार? सांग ना. तू शिकलेली आहेस ना यातलं!"

मृणालिनीच्या संदर्भसूचीतल्या एकाही पुस्तकात ते नव्हतं. तिचे पाय टेबलाखाली आपोआप हलत होते आणि तिला स्वतःची, आपल्या त्या गोड, समजूतदार आवाजाची, मनापासून चीड आली होती.

"आणि इतकंच असेल," आई पुढचा सदरा ओढत म्हणाली, "तर आत जा आणि त्यांना विचार. उद्या जाणार ते आहेत. केयूरने जाऊन काय विचारलं कोण जाणे. मी तर विचारलंच नाही. माझी हिंमत नाही झाली."

खरंच की! सव्वीस घरं पालथी घातली या बाईने, आणि पलंगावरच्या माणसाला एकाही घरात तोंड उघडू दिलं नव्हतं. आपल्या घरात तर नाहीच.

अण्णा उशीला टेकून खिडकीकडे बघत होते. ती पलंगाजवळच्या स्टुलावर बसली. या वेळी तिने प्रश्न तोंडात चार वेळा घोळवला, त्यातून एकेक शब्द काढून टाकला, त्रास काढला, जाणं काढलं, बरं-वाईट काढलं. उरलं ते एवढंच.

"अण्णा, उद्याबद्दल सांगा ना काहीतरी."

अण्णांनी मान वळवायला वेळ लावला. "काय सांगू? ओझं... कुठेतरी... उतरवायचंच असतं."

इतका निवडून, धुऊन पुसून विचारलेला प्रश्न, आणि उत्तरात पुन्हा तेच!

"हे कोण म्हणालं तुम्हाला?"

"सुलू म्हणाली. बाहेर. मी ऐकलं." मग थोडं थांबून, "चाळीस वर्षांत... पहिल्यांदाच. म्हणून हो म्हटलं."

एवढे महिने! श्रावणापासून हा माणूस इथे पडून होता, बायकोच्या हातून आंघोळ करून घेत होता, घास घेत होता, आणि मनात ते घेऊन बसला होता. बोलला नाही. तक्रार नाही. त्या दिवसापासून अण्णा किती शहाण्यासारखे वागतायत, असं आई मधे फोनवर म्हणाली होती, आणि मृणालिनीला त्याचा केवढा आनंद झाला होता!

"अण्णा, आई नाही म्हणाली. मी म्हणाले. आईने नुसतं हो म्हटलं. त्याच्या आधी मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं होतं. शब्द माझा होता, अण्णा. माझा." तिला रडू फुटलं आणि या वेळी रिक्षात जायलाही थांबलं नाही.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. तोंडाची उजवी बाजू हलली.

"तुझा?"

"हो."

"मग तू कोण?" अण्णा म्हणाले. "सुलूने म्हटलं... म्हणून जात होतो. तुझ्या म्हणण्यावर... मी का जाऊ? रविवारी येतेस... पपई घेऊन!"

थोबाडीत बसावी तसं झालं तिला. आणि खरं तर बसायलाच हवी होती. दारात आई उभी होती, हातात सदरा, सुई कॉलरला तशीच लटकलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"अहो," आई म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "मी म्हणाले असं वाटलं तर मला विचारायचं नाही? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?"

"तू विचारलंस... मला?"

दोघांच्या मधे मृणालिनी स्टुलावर, नाक ओढत. तिला कधी नव्हे ते कळलं, की आपण आता काहीही बोलायचं नाही, अगदी 'आई, तुला काय वाटतं' एवढंसुद्धा नाही. तोंड गच्च मिटून धरायला तिला केवढे कष्ट पडले!

"बोल मग," अण्णा शेवटी म्हणाले. "आता तू बोल. जाऊ?"

आई पलंगाच्या पायथ्याशी बसली. लटकलेली सुई सदऱ्याच्या कॉलरमध्ये नीट खोचून ठेवली. मग म्हणाली, "मला झोपायचंय. सलग. मधे कोणी हाक न मारता. डोंबिवलीला प्रेमाकडे जाऊन दोन दिवस झोपायचंय मला. आल्यावर बाकीचं बघू. आणि ब्युरोचा माणूस येईल. त्याला हाकललंत ना, तर मी स्वतः गाडी बोलावेन, हे आत्ताच सांगून ठेवते."

"हाकलेन," अण्णा म्हणाले. "पण... जरा उशिरा."

आई हसली नाही, पण उठली ती कपाटाकडे गेली आणि पिशवी काढली. प्रेमा म्हणजे आईची बहीण, प्रेमामावशी. केयूरला फोन आईनेच केला. "गाडी नको सांग त्यांना," एवढंच म्हणाली आणि तो काय बोलतोय ते न ऐकता फोन ठेवला. चपला घालताना तिने मृणालिनीला औषधांच्या वेळा सांगितल्या, गॅसचं सांगितलं, आणि दार ओढून गेली. जिना उतरतानाचा तिचा आवाज ऐकू येत राहिला, एका पायावर जोर देऊन, सावकाश. मृणालिनीने मिहिरला कळवलं, की दोन दिवस मी इथेच आहे. तो म्हणाला, "झकास," आणि मग काळजीने, "तुला जमेल ना पण?"

जमायचं काय त्यात, असं वाटायला तिला फार वेळ मिळालाच नाही. आतून हाक आली. अण्णांना बाथरूमला जायचं होतं.

इतक्या वर्षांत तिने त्यांना कधी उचललं नव्हतं. आई करायची, आणि ही तेवढा वेळ हॉलमध्ये जाऊन फोन बघायची, अण्णांना संकोच वाटायला नको म्हणून. असं ती स्वतःला सांगायची. तिने चाकाची खुर्ची पलंगाला लावली आणि अण्णांच्या काखेत हात घातले.

"आधी ब्रेक," अण्णा म्हणाले.

तिने ब्रेक लावला. पुन्हा हात घातले, ओढलं, अण्णा वीतभर उठले आणि धप्पकन खाली बसले. ती त्यांच्यावर कोसळता कोसळता वाचली. दोघांनाही धाप लागली.

"काखेत नाही. कमरेला धर. मागून. तुझा गुडघा... माझ्या गुडघ्याला लाव. हं. आता."

तिने कमरेला विळखा घातला. औषधाचा, पावडरचा, म्हाताऱ्या अंगाचा वास आला. गुडघ्याला गुडघा लावला आणि सगळा जीव एकवटून उचललं. अण्णा उठले. डावी बाजू नुसती लोंबत होती, उजवा हात तिच्या पाठीवर घट्ट, त्यांचा श्वास तिच्या कानाशी. तिचे पाय थरथरायला लागले, पाठीतून कळ आली, आणि खुर्ची अजून वळून गाठायची होती. दोघं मधल्यामधे तशीच उभी.

"जड आहे?" अण्णांनी विचारलं.

नाही म्हणणं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

"हो अण्णा," ती म्हणाली. "खूप जड आहात."

"मग नीट धर," अण्णा म्हणाले.